स्टॉकमधली एक पांढरी जीप

आमच्या गोडाऊनात गाडी हरवायची. हसू नका. चावी हरवते, चष्मा हरवतो, हे सगळं जग मान्य करतं. पण अख्खा ट्रॅक्टर हरवला म्हटलं की लोक बोलणाऱ्याकडे संशयाने बघतात. मी स्वतः एकदा एक लाल ट्रॅक्टर शोधत सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत फिरले आहे. शेवटी ज्या ट्रॅक्टरला टेकून मी दम खात होते, त्याच्या मागेच तो उभा निघाला. त्या दिवशी मी त्या ट्रॅक्टरला जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

गोडाऊन म्हणजे वडवणीच्या बाहेरची जुनी जिनिंग. कापूस गेला, यंत्रं भंगारात गेली, पत्र्याचं अवाढव्य शेड तेवढं उरलं, ते आमच्या मालकांनी भाड्याने घेतलं. मालकांची शोरूम बीडला आहे. काचेची, थंडगार, दारात पेढ्यांची बशी. तिथे चार-दोन गाड्या नवरीसारख्या नटवून ठेवतात आणि बाकीचा सगळा माल आमच्याकडे पत्र्याखाली असतो. गाड्या इतक्या दाटीने लावलेल्या की दोन गाड्यांमधून जाताना पोट आत ओढून घ्यावं लागतं. त्यात सगळे ट्रॅक्टर लाल आणि सगळ्या जीपा पांढऱ्या. आमच्या भागात जीप पांढरीच घेतात. पुढारीपण करायचं असेल तर पांढरी, आणि करायचं नसेल तरी पांढरीच, कारण पुढेमागे करावंसं वाटलं तर पुन्हा खर्च नको. मी तिथे संगणकावर स्टॉक बघते, आणि दाराशी एक वॉचमन मामा असतात. गिऱ्हाईक आलं की आम्ही दोघं चेसीस नंबर घोकत त्या गर्दीत शिरायचो.

मग मालकांनी कुठल्याशा प्रदर्शनात ते यंत्र बघितलं आणि पुण्याहून एक इंजिनिअर पाठवला. इंजिनिअर फार सज्जन होता, प्रत्येक वाक्याला मला मॅडम म्हणायचा. त्याने सांगितलं की पत्र्याखाली सॅटेलाईट चालत नाही, त्यामुळे गाडी कुठे आहे ते आकाशातून दिसणार नाही. मामा म्हणाले, "हितं मोबाईलला धड रेंज न्हाई, सॅटेलाईटला कुठून यावी?" इंजिनिअरने मान डोलावली. त्याने शेडच्या खांबाखांबावर पांढऱ्या पाट्या बसवल्या. त्यांच्यातून रेडिओच्या लहरी निघतात म्हणे. प्रत्येक गाडीला एक बोटभर चिपटी लावायची. चिपटीत बॅटरी नाही, काही नाही. खांबाने हाक मारली की ती आपला नंबर सांगते. ज्या खांबाला तिचा आवाज सगळ्यात मोठा ऐकू येतो, गाडी त्या खांबापाशी. संगणकावर शेडचा नकाशा, नकाशावर अ, ब, क, ड अशा रांगा, आणि त्यांत छोटी छोटी लाल-पांढरी चित्रं. आम्ही चिपटीला बिल्ला म्हणायला लागलो.

बिल्ल्याचे नखरे बरेच होते. लोखंडाला चिकटवला की मुका व्हायचा. काचेच्या आतून लावला की बोलायचा. ट्रॅक्टरला काच नाही, म्हणून तिथे तो दोऱ्याने स्टेअरिंगला टांगायचा. मामांनी त्यासाठी काळा दोरा आणला आणि दोरा आहेच तर म्हणून प्रत्येक बिल्ल्याशेजारी एकेक बिब्बा ओवला. इंजिनिअरने अदबीने विचारलं की हे काळं काय आहे. मामा म्हणाले, "नजर लागू नये म्हणून. तुमचं मशीन बंद पडलं तर हे हाय." इंजिनिअरने वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि पुण्याला निघून गेला.

आता आप्पांचं सांगते.

आप्पा म्हणजे माझे वडील. आमच्या घराण्यात सगळे मेंढरं राखायचे. आप्पा पहिले, ज्यांनी काठी टाकून स्टेअरिंग धरलं. पाटोदा ते बीड काळीपिवळी जीप चालवली त्यांनी, उभं आयुष्य. ज्यांनी या जीपा पाहिल्या नाहीत त्यांना सांगायला हवं की त्यांना वेळापत्रक नसतं. गाडी भरली की सुटते. भरली म्हणजे आत सगळे बसले, मागे चौघे लटकले, कोणाच्या मांडीवर कोणाचं पोर आहे हे कोणालाच ठरवता येईना, म्हणजे भरली. तोवर ड्रायव्हर हाका मारत उभा आणि आत बसलेली माणसं घाम पुसत निमूट बसून. कोणी विचारत नाही की कधी सुटणार. आजोबा मेंढरं मोजायचे तसे आप्पा शिटा मोजायचे, ओठ हलवत.

आई गेली. भाऊ चाकणला कंपनीत आहे, तो रविवारी फोन करतो आणि मला सल्ले देतो. मी नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हापासून आप्पा आणि मी. आणि मग आप्पा विसरायला लागले. आधी चप्पल विसरले, मग सायंकाळ विसरले, मग आई गेल्याचं विसरले, आणि एका सकाळी चहाचा कप हातात घेऊन त्यांनी मला विचारलं, "तुमी कोणाकडच्या म्हणायच्या?" मी म्हटलं, तुमच्याकडचीच. त्यांनी भिडस्तपणे मान हलवली, पाहुण्यासमोर हलवतात तशी.

घरी ठेवावं तर ते रस्त्यावर जायचे. कडी लावली तर खिडकीतून हाका मारायचे, "बीड, बीड, मांजरसुंबा, बीड!" आणि वडवणीतली माणसं इतकी भली की दोघं-तिघं खिडकीपाशी येऊन थांबायची. एकदा मात्र हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. स्टँडवर कोणाची तरी भरलेली जीप चावीसकट उभी होती. आप्पा चढले आणि घेऊन निघाले. गाडी उत्तम चालवली, बसलेली माणसं तसंच सांगत होती. फाट्यावर आल्यावर त्यांना रस्ता आठवेना. त्यांनी गाडी भर रस्त्यात उभी केली, हात स्टेअरिंगवर ठेवून बसून राहिले, आणि मागून ट्रक येत होते. कोणाला काही झालं नाही. पण त्या दिवसानंतर मला कळलं की आता यांना नजरेआड करता येणार नाही, आणि नोकरीही सोडता येणार नाही.

म्हणून मी आप्पांना गोडाऊनात न्यायला लागले. मालकांचा हुकूम होता की बाहेरचं माणूस आत दिसता कामा नये, विमा कंपनीचा नियम आहे, दिसलं तर तुमची नोकरी गेली समजा. मालक बीडला, आणि मामा माझ्या बाजूचे. शिवाय गोडाऊन आप्पांना असं मानवलं की विचारू नका. एवढ्या गाड्या एका जागी म्हणजे स्टँडच. आणि टेबलाशी बसलेली बाई म्हणजे स्टँडवर गाड्यांचे नंबर लावणारी. रोज सकाळी ते टेबलापाशी यायचे, टोपी नीट करायचे आणि म्हणायचे, "म्याडम, आपला नंबर कधी लागतोय?"

"अजून चार गाड्या पुढं हायेत, आप्पा."

"बरं बरं. भरून ठेवतो तवर."

मग ते एखादी पांढरी जीप निवडायचे, स्टेअरिंगवर बसायचे आणि हाका मारायचे. चाव्या सगळ्या माझ्या टेबलाच्या खणात, तेव्हा भीती नव्हती. काम नसलं की मामा जाऊन मागच्या शिटावर बसायचे. एकदा ते पुढे आप्पांच्या शेजारी बसायला गेले तर आप्पांनी त्यांना उठवलं. "ती शीट बुक हाय. मागं सरका." मामा मला सांगून हसले. मला वाटलं फौजदाराची असेल किंवा एखाद्या गुरुजींची. काळीपिवळीत पुढची शीट मानाच्या माणसाला राखायचेच.

भीती एवढीच की शेड मोठं, आप्पा बारीक आणि गाड्या सगळ्या सारख्या. बसतील कुठे, झोपतील कुठे, कधी दोन ट्रॅक्टरच्या मध्ये अडकतील. मागच्या बाजूला एक दार आहे, ते मालवाहू ट्रक आले की उघडतं, आणि त्याच्या पुढे सरळ हायवे. एकदा हाका बंद झाल्या म्हणून मी आणि मामा त्यांना शोधत फिरलो. ते एका पिकअपच्या हौद्यात डोक्याखाली टोपी घेऊन शांत झोपले होते. मी तिथेच खाली बसून रडले आणि मग रडता रडता त्यांच्यावर ओरडले. ते उठून मला म्हणाले, "म्याडम, पाशिंजरापुढं ओरडू नये."

दुसऱ्या दिवशी मी खणातला एक जादा बिल्ला काढला.

यंत्रात नोंद करायची तर वाहनाचीच करता येते. माणसासाठी रकाना नाही. मी लिहिलं: प्रकार, जीप. रंग, पांढरा; धोतर, सदरा, टोपी, सगळंच पांढरं, त्यात खोटं काही नाही. इंधन हा रकाना रिकामा सोडता येईना, आणि चहा हा पर्याय नव्हता, म्हणून डिझेल टाकलं. चेसीस नंबर काय टाकावा कळेना. सहज आप्पांना विचारलं, "तुमच्या जीपचा नंबर काय होता हो?" माझं नाव विसरलेल्या माणसाने विकून टाकलेल्या काळीपिवळीचा नंबर मला घडाघडा सांगितला. मला राग आला. मी तोच टाकला. शेवटी स्थिती निवडायची होती: उपलब्ध, बुक, विकलेली, डेमो. मी काही निवडलं नाही तर यंत्राने स्वतःच 'उपलब्ध' लिहून टाकलं; नकाशावर अशा गाडीभोवती हिरवी चौकट येते.

बिल्ला सदऱ्याच्या खिशात घातला तर पडद्यावर काहीच उमटेना. मी पुण्याला फोन केला आणि आडवळणाने विचारलं की समजा बिल्ला काचेला न लावता दुसऱ्या कशाला लावला तर. इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, पाणी असेल तिथे चालत नाही. उदाहरणार्थ माणसाच्या अंगाला चिकटवला तर दिसणार नाही, कारण माणसाच्या अंगात पाणीच फार असतं." मग त्याने विचारलं, "तुम्ही माणसाला लावताय का?" मी म्हटलं, छे हो, ज्ञान म्हणून विचारलं. फोन ठेवून मी आप्पांच्या टोपीची घडी उसवली, बिल्ला आत सरकवला आणि दोन टाके घातले. टोपी डोक्यावर चढली आणि नकाशावर क रांगेत एक पांढरी जीप टुणकन उगवली.

खरं सांगते, इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. इकडे मी हिशेब करायची आणि मान वर करून बघायची, जीप क रांगेत आहे. जीप ड रांगेत गेली. जीप मामांपाशी तंबाखू मागायला दाराजवळ आली. दुपारच्या जेवणानंतर जीप एका जागी निश्चल. भाऊ रविवारी फोनवर म्हणाला, आप्पांची तब्येत कशी? मी म्हटलं, ब रांगेत आहेत, बरे आहेत.

अडचण एकच झाली. मालकांना त्या नकाशाचं वेड लागलं. त्यांनी तो आपल्या मोबाईलवर घेतला आणि बीडला गादीवर बसून दिवसभर आमचं शेड बघायला लागले. एका दुपारी फोन आला.

"ताई, ती एक पांढरी जीप सारखी फिरायलीय. कोण फिरवायलंय?"

"सर्व्हिसिंग झालंय मालक, चालवून बघायलेत."

"रोज?"

"जुना स्टॉक हाय ना. उभी राहिली की बॅटरी उतरते."

"मग जेवणानंतर दोन तास कावून हलत न्हाई?"

"इंजिन गार करतात."

मालकांनी बहुतेक नकाशा मोठा करून बघितला. मग म्हणाले, "अन् ती सारखी संडासापाशी कशाला जाती?"

"तिथं नळ हाय, मालक. रेडिएटरात पाणी घालावं लागतं."

"बरं. पण लई पाणी खायलीय. बघून घ्या काय बिघाड हाय."

मी म्हटलं, बघते. मामा दाराशी उभं राहून ऐकत होते, ते तोंडात रुमाल कोंबून बाहेर पळाले. मला हसू आलं नाही. मालकांच्या लक्षात आलं असतं तर आप्पांना पुन्हा कडी लावून घरी ठेवावं लागलं असतं, आणि कडीच्या मागचे आप्पा मी पाहिले होते.

खंडेनवमीला आम्ही सगळ्या गाड्या धुतल्या. दिवसभर पाइप, झाडू, हळदीकुंकू, ट्रॅक्टरच्या नाकाला झेंडूच्या माळा. त्या गडबडीत मी पडद्याकडे फक्त आप्पा कुठे आहेत एवढंच बघत होते. दसऱ्याच्या सकाळी टेबलाशी बसले आणि दिसलं की क रांगेतल्या पांढऱ्या जीपभोवतीची चौकट हिरवी राहिली नव्हती, पिवळी झाली होती. पिवळी म्हणजे बुक. बीडच्या शोरूमवरच्या सेल्समनने सगळ्यात जुना, न खपलेला माल म्हणून माझे वडील शिरूर कासारच्या एका कुटुंबाला देऊन टाकले होते. डिलिव्हरी आज, गोडाऊनातून.

मी शोरूमला फोन लावते तोवर कुटुंब दारात. पुढे फेटा बांधलेले एक काका, मागे दोन सुना, तीनचार लेकरं, आणि आरतीचं ताट घेतलेली म्हातारी आत्या. मी म्हटलं, काका, जरा बसा, चहा घ्या, गाडी बाहेर काढते. माझा बेत सोपा होता. दुसरी एखादी पांढरी जीप द्यायची, कागद नंतर जुळवायचे. पण मालकांनी गिऱ्हाइकांवर छाप पडावी म्हणून नकाशाचा एक मोठा पडदा भिंतीवरही लावला होता, आणि मी खणातल्या चाव्या चाळतेय तोवर काकांनी पडद्यावर पिवळ्या चौकटीतली आपली जीप ओळखली. "ती बघा आपली. चला," म्हणाले, आणि सगळं बिऱ्हाड रांगा मोजत आत गेलं.

मी धावत पोचले तेव्हा ते जीपपाशी पोचले होते. म्हणजे आप्पांपाशी. आप्पा त्या दिवशी नेमके एका पांढऱ्याशुभ्र, धुतलेल्या, झेंडू लावलेल्या जीपमध्ये बसून हाका मारत होते. यंत्राने सांगितलेली जागा बरोबर, रंग बरोबर, जीप समोर उभी. शंका घ्यायला जागाच नव्हती.

"ड्रायव्हर बी देतेत व्हय?" काकांनी मला विचारलं. उत्तर देईपर्यंत आत्याने बॉनेटवर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, जीपला ओवाळलं आणि तोच हात पुढे नेऊन आप्पांनाही ओवाळलं. उरलेला हार त्यांच्या गळ्यात घातला. आप्पांनी नमस्कार केला आणि म्हणाले, "बसा, बसा. बीडला न्हवं का? सरकून बसा, अजून बसंल गाडीत."

आणि ती माणसं बसली. त्यांनी पैसे भरून बुक केलेली गाडी, घरी न्यायला आलेली, आणि स्टेअरिंगवरच्या माणसाने त्या आवाजात सरकून बसा म्हटल्याबरोबर ती सरकून बसली. काका मधल्या शिटावर, सुना त्यांच्या शेजारी, लेकरं मांड्यांवर. एक सून पुढे बसायला गेली, तिला आप्पांनी मागे पाठवलं. "ती शीट बुक हाय, बाई." तिने निमूट ऐकलं. आता गाडी भरायची वाट बघायची होती, आणि वाट बघायची सवय आमच्याकडे सगळ्यांच्याच अंगात आहे.

"बीड, बीड, मांजरसुंबा!" आप्पांचा आवाज पत्र्याखाली घुमला. ट्रॅक्टर न्यायला पाटोद्याचं एक जोडपं आलं होतं, त्यातल्या बाईने जीपपाशी येऊन विचारलं, "पाटोद्याला जाती का?"

"जाती की. बसा."

"अगं, आपण ट्रॅक्टर न्यायला आलोय," नवरा म्हणाला.

"सुटंस्तोवर बसू तरी," ती म्हणाली आणि मागच्या फळीवर टेकली. तोही टेकला. पिकअप न्यायला आलेले दोघे भाऊ मागे लटकले. मी मामांना खूण केली की काहीतरी करा, तर मामा जाऊन उरलेल्या कोपऱ्यात बसले. नंतर म्हणाले, ताई, मला वाटलं गाडी भरली की हे लोक समाधानानं उतरतील. या माणसाच्या डोक्यात काय चालतं ते देवालाच माहीत.

मी गयावया केली. काका, ही तुमची जीप नाही. काका म्हणाले, "आसं कसं, पडद्यावर दाखवायलीय." मी म्हटलं, आप्पा, उतरा. आप्पा म्हणाले, "म्याडम, नंबर लागला न्हाई तर न्हाई, भरू तर द्या." आणि तेवढ्यात दारातून मालकांची गाडी आत आली.

मालक दसऱ्याचे कडक इस्त्रीत होते, एका हातात आपट्याची पानं आणि दुसऱ्या हातात मोबाईल. मोबाईलकडे बघत बघतच ते चालत आले, कारण त्यांना ती पाणी पिणारी जीप एकदा डोळ्यांनी बघायची होती. ते जीपपाशी थांबले. आत भरगच्च माणसं, कोणी हलेना, आणि स्टेअरिंगवर हार घातलेला एक म्हातारा. उकडत होतं. आप्पांनी घाम पुसायला टोपी काढली, हात लांब करून ती दाराबाहेर झटकली, आणि मालकांच्या मोबाईलवर जीप एक रांग ओलांडून परत आली. मालकांनी टोपीकडे बघितलं. मग मोबाईलकडे. मग माझ्याकडे.

"ही जीप?" ते म्हणाले.

"माझे वडील आहेत, मालक," मी म्हटलं. "घरी ठेवता येत नाहीत. तुम्ही सांगाल तर उद्यापासून मी येणार नाही." इतक्या माणसांसमोर रडायचं नाही एवढंच मी डोक्यात धरून होते.

मालक काही बोलायच्या आत आप्पांनी त्यांना हाक मारली. "ओ पाव्हणं, बीडला ना? या की. लटकता का मागं?"

आणि मालक, ज्यांना आम्ही गादीवरून उठताना फारसं पाहिलेलं नाही, त्या आवाजासरशी दोन पावलं पुढे गेले. ते पाटोद्याचे. कॉलेजला असताना रोज काळीपिवळीच्या मागे लटकून बीडला गेलेले, हे त्यांनी स्वतःच नंतर सांगितलं. कोणाची जीप ते त्यांनाही आठवत नव्हतं. त्यांनी मागे बघितलं, जागा नव्हती. मग पुढचं दार उघडलं.

"तिथं न्हाई," आप्पा म्हणाले.

"आप्पा, मालक आहेत ते," मी म्हटलं.

"कुणी बी असूंदे. ती शीट बुक हाय. माझी पोरगी शाळेतून यायचीय. ती आल्याबिगर गाडी हलत न्हाई. कुणाला घाई असंल त्यानं उतरावं."

मला एकदम ती शाळा दिसली, फाटकाबाहेरची जीप दिसली, आत खोळंबलेली माणसं, काही जण पुढे वाकून हॉर्न वाजवायचे, आणि मी मात्र मैत्रिणीशी बोलत, हौदावर पाणी पीत, मुद्दाम सावकाश यायची, कारण ती सगळी गाडी माझ्यासाठी थांबलीय हे मला फार आवडायचं. पाशिंजर शिव्या द्यायचे. आप्पा कधीच घाई कर म्हणाले नाहीत. नुसतं पुढचं दार उघडायचे आणि म्हणायचे, बस, माय.

मालक बाजूला झाले. त्यांनी दार उघडंच ठेवलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली, जा म्हणून. मागून आत्याबाई म्हणाल्या, "जा की गं, लेकरं उकडून गेली." मी साडी सावरून चढले आणि आप्पांच्या शेजारी बसले. बसताना मी दाराचा दांडा घट्ट धरला, जणू गाडी खरंच सुटणार होती.

आप्पांनी वळून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग गळ्यातला हार सारखा करत, हळू आवाजात, चारचौघांत माझा अपमान होऊ नये अशा बेताने म्हणाले, "म्याडम, तुमी नंबर लावता म्हणून तुमाला काई म्हणत न्हाई. पण ही शीट पोरीची हाय."

मी उतरले.

पुढचं सगळं मालकांनी निस्तरलं. दसरा म्हणजे अख्खा दिवस मुहूर्त, कोणी घाई करू नका, असं म्हणून त्यांनी सगळ्यांना पेढे दिले, शिरूरच्या काकांना दुसरी जीप काढून दिली, आणि हातातलं आपट्याचं सोनं आधी त्यांनाच दिलं. जाताना ते टेबलापाशी थांबले. मोबाईल माझ्यासमोर धरून म्हणाले, "ही नोंद काढू नका. फक्त स्थिती बदला. डेमो टाका. डेमो गाडी विकत न्हाईत अन् ती फिरतीच असती." मग जरा घुटमळून म्हणाले, "अन् रेडिएटरात पाणी घालत जा वेळेवर."

मी डेमो टाकलं. पडद्यावरच्या जीपची चौकट निळी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा टोपी नीट करत टेबलापाशी आले. "म्याडम, आपला नंबर?"

"लागलाय, आप्पा," मी म्हटलं. "तुमची गाडी आता पहिली हाय. भरली की सोडा."

ते खूश झाले. दोन पावलं जाऊन परत आले आणि टेबलावर वाकून म्हणाले, "एक काम करा. माझी पोरगी येईल शाळेतून. लई सावकाश येती ती. आली की तिला सांगा, गाडी क रांगेत उभी हाय."